बाहेर उघडणारे दार

गेल्या पावसाळ्यात माझी भाची राहायला आली होती. ती वास्तुरचनाकार आहे. दिवसभर सदनिकांचे आराखडे काढते आणि उरलेल्या वेळात दुसऱ्यांच्या घरांतील दोष काढते. आमच्या स्वयंपाकघराची खिडकी चुकीच्या भिंतीला आहे, हे तिने आल्या आल्या सांगून टाकले होते. एका रात्री पावसाने जोर धरला, बाहेर जेवायला जाण्याचा बेत बारगळला आणि मी तिला बिली वाइल्डरचा १९४४ सालचा ‘डबल इन्डेम्निटी’ पाहायला बसवले. विमा एजंट वॉल्टर नेफ, देखणी गृहिणी फिलिस, तिचा खेकसणारा नवरा आणि अपघात विमा. पुढे काय होणार याची कल्पना तिला सुरुवातीलाच आली होती, आणि तरीही ती मोबाइल बाजूला ठेवून पाहत होती, याचा मला मनातून आनंद होत होता. मग तो प्रसंग आला. खून पचला असे वाटत असतानाच विमा कंपनीत दावे तपासणारा कीज रात्री अवचित वॉल्टर नेफच्या घरी येतो, आपला संशय बोलून दाखवतो आणि निघतो. नेमकी त्याच वेळी फिलिस तिथे पोहोचलेली असते. आतले आवाज ऐकून ती सावध होते. नेफ दार उघडतो. आणि त्या उघडलेल्या दारामागे, बाहेरच्या वऱ्हांड्यात, ती अंग चोरून उभी राहते. कीज लिफ्टपाशी जातो, थांबतो, सिगार पेटवायला काडी नाही म्हणून परत फिरतो. दाराच्या एका बाजूला तो, दुसऱ्या बाजूला ती आणि मधे दार धरून उभा असलेला नेफ. हा प्रसंग मला तोंडपाठ आहे, तरी त्या क्षणी माझ्या मुठी आपोआप आवळल्या जातात. भाची मात्र शांतपणे म्हणाली, “मावशी, हे दार बाहेर कसं उघडतं? फ्लॅटचं दार कधी वऱ्हांड्यात उघडतं का? येणाऱ्याजाणाऱ्याच्या तोंडावरच बसेल की ते!”

चित्रपट पुढे सरकला. मी मात्र त्या दारापाशीच अडकून राहिले.

तिचे म्हणणे शंभर टक्के खरे होते. कोणताही शहाणा बांधकाम करणारा माणूस सदनिकेचे दार अरुंद वऱ्हांड्यात उघडेल असे बसवणार नाही. आणि हे अज्ञानातून घडले, असेही म्हणता येत नाही, कारण हा चित्रपट काढणाऱ्या पॅरामाउंट स्टुडिओच्या कलाविभागाचा प्रमुख हान्स ड्रायर हा जर्मनीत वास्तुशास्त्र शिकून आलेला गृहस्थ होता. बिजागऱ्या कोणत्या बाजूला बसवतात, हे त्याला नक्कीच ठाऊक असणार. दार आत उघडले असते तर फिलिसला लपायला जागाच उरली नसती, आणि ती लपली नसती तर कीजने तिथल्या तिथे सगळा उलगडा केला असता. म्हणून दार बाहेर उघडले. लाखो प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत ती लबाडी पडद्यावर मांडली गेली आणि बहुतेकांना ती दिसली नाही. मलाही इतक्या वर्षांत दिसली नव्हती. दिसल्यानंतर प्रसंगातला ताण कमी व्हायला हवा होता. तो तसूभरही कमी झाला नाही. उलट, भाची झोपायला गेल्यावर मी तेवढाच भाग पुन्हा लावला, आणि या वेळी फिलिसचा चेहरा न पाहता नेफचा हात पाहिला. दाराला मागून हलकीशी ओढ बसते, ती मागे उभी आहे हे त्याला कळते, आणि त्यानंतर चेहऱ्यावरची रेषाही हलू न देता तो ते दार जरासे अधिक उघडे धरतो. नेफ झालेला फ्रेड मॅकमरी हा तोवर हलक्याफुलक्या भूमिका करणारा नट म्हणून ओळखला जात होता. त्या हातात मात्र घाबरलेल्या माणसाचा सगळा शहाणपणा उतरला आहे.

रहस्यपट पुन्हा पाहण्यात काय हशील, असे मला अनेकांनी विचारले आहे. प्रश्न रास्त आहे. आमच्या लहानपणी वाचनालयातील रहस्यकथांच्या पहिल्याच पानावर पेन्सिलीने खुन्याचे नाव लिहून ठेवणारे काही महाभाग असत, आणि त्यांच्या नावाने आम्ही बोटे मोडत असू, कारण पुस्तकाचा सारा जीव त्या एका नावात आहे अशी आमची समजूत होती. पण जुन्या हॉलिवूडच्या या काळ्या-पांढऱ्या गुन्हेपटांशी माझी ओळख झाली तीच मुळी वेगळ्या वाटेने. पुण्यात लॉ कॉलेज रस्त्यावरच्या चित्रपट संग्रहालयाच्या सभागृहात फिल्म सोसायटीचे खेळ होत; तिथे हे चित्रपट मी प्रथम पाहिले तेव्हा पडद्याखाली मजकूर नसे, आणि ती धारदार, तोंडातल्या तोंडात, सिगारेटच्या कडेने बोललेली इंग्रजी माझ्या कानांवरून सरसर निघून जाई. कोण कोणाला का मारतो, हे शेजारच्याला विचारण्याची लाज वाटे. त्यामुळे मी नुसते बघत बसले. भिंतीवर पडलेली जिन्याच्या कठड्याची सावली, ओल्या रस्त्यावर पसरलेला दिव्याचा डाग, टोपीच्या कडेखाली हरवलेले डोळे, कोणीतरी फोन ठेवला तेव्हाचा तो खटका. कथानक पुढे कधीतरी, घरबसल्या, खालचा मजकूर वाचत समजून घेतले, आणि ते समजल्यावर खरे सांगायचे तर थोडा हिरमोडच झाला. सगळे इतके गुंतागुंतीचे होते आणि इतके क्षुल्लकही. एखाद्या काळ्या पक्ष्याच्या मूर्तीसाठी, विम्याच्या रकमेसाठी, कोणाच्या तरी छायाचित्रांसाठी माणसे मरत होती.

‘डबल इन्डेम्निटी’ तर खुनी कोण हे लपवण्याच्या भानगडीतच पडत नाही. खांद्यात गोळी लागलेला नेफ मध्यरात्री कचेरीत येतो, ध्वनिमुद्रण यंत्रासमोर बसतो आणि सांगून मोकळा होतो की खून मीच केला, पैशासाठी केला, एका बाईसाठी केला, आणि पदरात दोन्ही पडले नाही. हे धाडस वाटते. पण त्यामागे एक व्यवहारही आहे. १९३४ च्या उन्हाळ्यापासून हॉलिवूडच्या स्वयंनियमनाच्या संहितेची अंमलबजावणी जोसेफ ब्रीनच्या कचेरीकडून कडकपणे होऊ लागली होती, आणि त्या संहितेप्रमाणे गुन्हेगाराला शिक्षा होणे अटळ होते. जेम्स एम. केनची मूळ कथा पडद्यावर आणण्यालाच या कचेरीने १९३५ मध्ये हरकत घेतली होती. आता, शेवट काय होणार हे प्रेक्षकाला तिकीट काढतानाच माहीत असेल, तर तो राखून ठेवण्यात मजा ती काय? वाइल्डर आणि त्याचा सहलेखक रेमंड चँडलर यांनी शेवट सुरुवातीलाच उधळून टाकला आणि मधला वेळ मोकळा करून घेतला. माझ्या मते या चित्रपटांवर सर्वांत मोठे उपकार त्या खडूस ब्रीनसाहेबांचेच आहेत, जरी त्यांना तसे काही करायचे नव्हते.

केनच्या कथेचा उगम एका खऱ्या खटल्यात होता. १९२७ मध्ये न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात रूथ स्नायडर नावाच्या स्त्रीने आपला प्रियकर जड ग्रे याच्या साहाय्याने नवऱ्याचा खून केला. त्याआधी त्याच्या नकळत त्याचा विमा उतरवला होता, अपघाती मृत्यू झाल्यास दुप्पट रक्कम मिळेल असा, आणि त्या विम्याची पत्रे नवऱ्याच्या हाती न देता आपल्याच हाती द्यावीत, असे तिने पोस्टमनला सांगून ठेवले होते. १२ जानेवारी १९२८ रोजी सिंग सिंग तुरुंगात तिला विजेच्या खुर्चीत बसवण्यात आले, तेव्हा टॉम हॉवर्ड नावाच्या छायाचित्रकाराने घोट्याला बांधून नेलेल्या छोट्या कॅमेऱ्याने तिचे शेवटच्या क्षणाचे छायाचित्र चोरून टिपले आणि ‘डेली न्यूज’ने ते पहिल्या पानावर छापले. वाइल्डरच्या चित्रपटात फिलिस पहिल्यांदा जिना उतरते तेव्हा कॅमेरा तिच्या घोट्यावर, तिथल्या नाव कोरलेल्या साखळीवर खिळून राहतो. हा योगायोगच म्हणायचा. पण ते छायाचित्र पाहिल्यापासून त्या साखळीकडे मला निर्मळ कौतुकाने पाहता येत नाही. खरे तर मला भुरळ घालतो तो पोस्टमन. रोज दारावर येणारा, पत्र कोणाच्या हाती द्यायचे याची सूचना निमूट ऐकणारा, आणि पुढे सगळे उघडकीस आल्यावर आपण कशात सामील होतो याचा विचार करत राहिलेला एक माणूस.

अशी माणसे पुन्हा पाहतानाच दिसतात. पहिल्या वेळी नजर कथानकाच्या दावणीला बांधलेली असते. नेफ खुनाच्या रात्री आपल्या इमारतीच्या तळघरातील गॅरेजमध्ये जातो, तिथल्या चार्लीला गाडी धुवायला सांगतो आणि आज रात्री घरीच आहोत हे सहज बोलल्यासारखे त्याच्या कानांवर घालतो. मग दाराच्या आणि टेलिफोनच्या घंटेत कागदाचे कपटे खोचून ठेवतो, म्हणजे आपल्या मागे कोणी घंटा वाजवली तर ते पडतील आणि आपल्याला कळेल. जिन्याने गुपचूप बाहेर पडतो, माणूस मारून येतो, कपटे जागच्या जागी आहेत हे पाहतो, आणि पुन्हा खाली जाऊन चार्लीला तोंड दाखवतो. चार्ली हा त्या साऱ्या कटाचा जिवंत पुरावा आहे. नेफचे निर्दोषपण त्याच्या साक्षीवर टेकलेले आहे. त्याला कोणी काहीही विचारत नाही. तो कृष्णवर्णीय आहे, त्याची भूमिका सॅम मॅकडॅनियलने केली आहे आणि श्रेयनामावलीत त्याचे नाव नाही. सॅमची बहीण हॅटी मॅकडॅनियल ही ऑस्कर मिळवणारी पहिली कृष्णवर्णीय कलावंत. १९४० च्या त्या समारंभात तिला चित्रपटातल्या सहकाऱ्यांपासून दूर, वेगळ्या टेबलाशी बसवले गेले होते. हे ठाऊक झाल्यापासून गॅरेजमधला तो प्रसंग माझ्यासाठी लांबला आहे. पडद्यावर तो पूर्वीइतकाच चालतो. मी मात्र चार्लीच्या हातातल्या फडक्याकडे पाहत मागे रेंगाळते आणि नेफ वर निघून गेलेला असतो.

तशीच ती दुकानातली बाई. नेफ आणि फिलिस किराणा दुकानात, लहान मुलांच्या खाण्याच्या डब्यांच्या रांगांमध्ये, एकमेकांकडे न पाहता खुनाचे तपशील ठरवत असतात. फळ्यांवर डब्यांच्या नुसत्या भिंती रचलेल्या आहेत. चित्रीकरण १९४३ च्या शरद ऋतूत झाले. त्या वर्षी अमेरिकेत डबाबंद अन्न रेशनवर गेले होते, पण कथा घडते १९३८ मध्ये, आणि म्हणून फळ्या खच्चून भरलेल्या आहेत. रेशनची पुस्तके पर्समध्ये घेऊन चित्रपटाला आलेल्या बायका त्या वेळी प्रेमिकांकडे पाहत होत्या की डब्यांकडे, अशी शंका मला दर वेळी येते. एवढ्यात एक अनोळखी बाई मधे घुसते, नेफला वरच्या फळीवरचे एक पाकीट काढून द्यायला सांगते, आणि मला हवे ते नेमके वरच का ठेवतात, असे पुटपुटत निघून जाते. तिचे म्हणणे अगदी बरोबर आहे. खून, प्रेम, विमा हे सगळे चालू असताना तिची अडचण उंचीची आहे. आणि शेवटी नेफला पकडून देतो कोण? कीजची तीक्ष्ण बुद्धी नव्हे. रक्ताचे थेंब पाहून त्याला फोन करतो तो इमारतीचा रखवालदार.

दिग्दर्शक जॅक टूर्नरच्या १९४७ च्या ‘आउट ऑफ द पास्ट’मध्ये तर अगदी अखेरचा शब्दच अशा एका कडेच्या माणसाला दिला आहे, आणि त्याला बोलता येत नाही. पेट्रोल पंपावर काम करणारा मूकबधिर मुलगा. नायक मेल्यावर त्याच्यावर जीव असलेली साधी मुलगी या पोराला विचारते, की तो त्या दुसऱ्या बाईबरोबरच पळून चालला होता का? मुलगा क्षणभर थांबतो आणि होकारार्थी मान हलवतो. तिने त्या माणसाला विसरून पुढे जावे म्हणून तो खोटे सांगतो, की खरेच त्याला तसे वाटते, यावर आमच्या फिल्म सोसायटीत चहाच्या टपरीवर कडाक्याचे वाद झाले आहेत. मी खोट्याच्या बाजूची आहे. त्या थांबण्यात मला ते दिसते.

खोटेपणाचा विषय निघालाच आहे, तर सांगणाऱ्या आवाजाबद्दल बोलायला हवे. ऐंशी वर्षांपूर्वीच्या चित्रपटाचे रहस्य फोडल्याबद्दल कोणी रागावणार नाही, असे धरून चालते. प्रेमिंजरच्या ‘लॉरा’ची सुरुवात एका सुसंस्कृत, किंचित किनऱ्या आवाजाने होते, लॉरा गेली तो शनिवार-रविवार आपण कधीच विसरणार नाही, असे तो आवाज म्हणतो. प्रथम ऐकताना तो शोक वाटतो. दुसऱ्यांदा ऐकताना अंगावर काटा येतो, कारण बोलणारा स्वतःच खुनी आहे. आणखी एकदा पाहताना एक वेगळीच गोष्ट खटकते: शेवटी तो मरतो, मग सुरुवातीला बोलत होता तो कुठून? दिग्दर्शकाने त्याचे उत्तर दिलेले नाही, आणि पडद्यावरचे लॉराचे सुप्रसिद्ध तैलचित्र मुळात मोठे केलेले छायाचित्र आहे, त्यावर नुसता रंगाचा हात फिरवला आहे, हे समजले तेव्हा मला वाटले की त्या आवाजाचेही तसेच काहीसे असावे. उल्मरच्या १९४५ च्या ‘डिटूर’मधला नायक तर आपल्याला काय काय पटवू पाहतो! त्याला गाडीत घेणारा गृहस्थ झोपेतच गेला असावा, दार उघडल्यावर बाहेर कलंडला आणि त्याचे डोके दगडावर आपटले. पुढे वाटेत भेटलेल्या एका बाईच्या गळ्याला टेलिफोनची तार चुकून आवळली गेली. मरणारे दोन्ही वेळा आपापले मरतात, हा फक्त जवळ असतो. पहिल्यांदा मला त्याची दया आली होती. आता तो उपाहारगृहात कपासमोर बसून बोलू लागला की मी पोलीस शिपायाच्या नजरेने त्याच्याकडे पाहते.

‘डिटूर’बद्दल एक खास आपल्याकडची गंमत सांगण्यासारखी आहे. नायक न्यूयॉर्कहून लॉस एंजेलिसला, म्हणजे पूर्वेकडून पश्चिमेकडे, वाटेत मिळेल त्या गाडीने जातो. पडद्यावरही ही दिशा कायम राहावी म्हणून उल्मरने काही दृश्यांची निगेटिव्ह उलटवून वापरली, आणि त्यामुळे अमेरिकेतील गाड्या रस्त्याच्या डाव्या बाजूने धावू लागल्या, चालकही उजवीकडे बसू लागले. अमेरिकी प्रेक्षकाला हे दृश्य पाहताच ठेच लागते. आम्ही संग्रहालयात तो चित्रपट पाहिला तेव्हा कोणाच्या भुवया उंचावल्या नाहीत. गाड्या आपल्या रीतीने डावीकडूनच चालल्या होत्या! पैशाची चणचण इतकी की न्यूयॉर्कचा रस्ता म्हणून नुसते धुके आणि रस्त्याची पाटी दाखवली आहे, आणि त्या धुक्याइतके न्यूयॉर्क मला पुढे कोणत्याही भव्य चित्रपटात जाणवलेले नाही. (पन्नाशीच्या दशकातल्या आपल्या हिंदी गुन्हेपटांनी हे धुके आणि ओव्हरकोट दोन्ही उचलले. मुंबईच्या दमट हवेत त्या नायकांचे काय हाल झाले असतील, याची मला अजूनही काळजी वाटते.)

हा अंधार आला कुठून, याची उत्तरे पुष्कळ आहेत. मला त्यातली एकच गोष्ट पुन्हा पुन्हा आठवते. १९२९ च्या उन्हाळ्यात बर्लिनमध्ये काही तरुणांनी जवळजवळ पैशाशिवाय एक मूकपट केला, ‘मेन्शेन आम झोनटाग’, म्हणजे रविवारची माणसे. त्यात एकही व्यावसायिक नट नव्हता. टॅक्सीचालक, ध्वनिमुद्रिका विकणारी मुलगी, दारूचा विक्रेता अशी खरी माणसे शहराबाहेरच्या तळ्यावर जातात, पोहतात, भांडतात, सँडविच खातात आणि सोमवारी कामावर परततात. ऊनच ऊन आहे त्यात. आणि तो करणाऱ्यांची नावे पाहा: पटकथेवर बिली वाइल्डर, दिग्दर्शनात रॉबर्ट सिओडमाक आणि एडगर उल्मर, कॅमेऱ्याला मदत करणारा फ्रेड झिनेमान. १९३३ नंतर हे सगळे देशाबाहेर होते. सिओडमाकने पुढे ‘द किलर्स’ केला, उल्मरने ‘डिटूर’. वाइल्डरची आई नाझींच्या वंशसंहारात मारली गेली. कॅलिफोर्नियाच्या लख्ख उन्हात राहून त्यांनी खिडक्यांचे पडदे ओढलेल्या खोल्या दाखवल्या. हे कारण आणि तो परिणाम, असे सरळ गणित मांडण्याचा मोह मला होतो आणि मी तो आवरते, कारण चँडलर आणि केन हे तर कुठून पळून आलेले नव्हते, आणि काळोख त्यांच्याही लेखणीत होताच. तरीही तळ्याकाठच्या त्या हसऱ्या माणसांनंतर लगेच फिलिसचे घर पाहिले, तर पोटात खड्डा पडतो.

त्या घरातला उजेड वेगळाच आहे. बाहेर स्पॅनिश घाटाची पांढरी भिंत, कौले, वेलींचा गोड वास. आत दिवाणखान्यात खिडकीच्या ओढलेल्या पट्ट्यांमधून येणारे ऊन, आणि त्या उन्हात तरंगणारी धूळ. खरी धूळ कॅमेऱ्यावर नीट उमटत नाही, म्हणून छायाचित्रणकार जॉन साइट्झने हवेत अॅल्युमिनियमची बारीक भुकटी उडवली. साइट्झ हा मूकपटांच्या काळापासूनचा माणूस; ज्या चित्रपटाने १९२१ साली नट व्हॅलेंटिनोला तारा केले, तो त्याने टिपलेला. मला ती धूळ पाहताना आदल्या रात्रीच्या सिगारचा वास खरोखर येतो. माशांचे काचेचे भांडे, पियानोवर मांडलेली दोन छायाचित्रे, फिलिस झालेल्या बार्बरा स्टॅनविकच्या डोक्यावरचा तो केसांचा अशक्य सोनेरी टोप. या टोपाची स्टुडिओतही टर उडवली गेली होती: घेतली स्टॅनविक आणि मिळाला जॉर्ज वॉशिंग्टन, अशा अर्थाचे काहीतरी पॅरामाउंटचा बडी डिसिल्व्हा म्हणाला होता. टोप खोटा, धूळ खोटी, दार उलटे. आणि खून करून निघताना गाडी सुरू होत नाही तेव्हा त्या दोघांच्या चेहऱ्यांवर जे उमटते ते इतके खरे, की निदान या वेळी तरी ही गाडी लवकर सुरू होऊ दे, असे मी, विम्याचे हप्ते वेळेवर भरणारी मध्यमवर्गीय बाई, चक्क खुन्यांच्या बाजूने पुटपुटते.

सगळेच जुने आता गोड लागते असे मात्र नाही. तीसच्या दशकातले चार्ली चॅनचे रहस्यपट मला पूर्वी फार आवडत. शांत, हसरा, म्हणी फेकणारा चिनी गुप्तहेर. ती भूमिका करणारा वॉर्नर ओलँड स्वीडनमध्ये जन्मलेला होता. मुलाच्या भूमिकेत के लूक हा खरा चिनी वंशाचा नट आणि त्याच्या शेजारी डोळे बारीक करून बसलेला युरोपीय बाप, ही चौकट एकदा लक्षात आली की चित्रपटातले इतर कोडे बिनमहत्त्वाचे होते. हे दार बाहेर उघडण्यासारखे नाही. दाराची लबाडी प्रसंगाला बळ देते. ही लबाडी माणसाची जागा घेते. मी ते चित्रपट आता क्वचितच लावते, आणि लावले तर के लूककडे पाहते, तो उत्साहाने ‘पॉप!’ अशी हाक मारत धावत येतो तेव्हा.

‘डबल इन्डेम्निटी’चा शेवट वाइल्डरने एकदा बदलला, हे बहुतेक रसिकांना माहीत असते. नेफला विषारी वायूच्या कोठडीत मृत्युदंड देतात आणि कीज काचेबाहेर उभा राहून पाहतो, असे दृश्य मोठा खर्च करून, कोठडीची हुबेहूब प्रतिकृती उभारून चित्रित झाले होते. ते वगळले गेले. आता चित्रपट संपतो तो कचेरीच्या दारात कोसळलेल्या नेफपाशी. संपूर्ण चित्रपटभर कीजकडे काडी नसते आणि नेफ अंगठ्याच्या नखावर काडी ओढून त्याचा सिगार पेटवून देत असतो. शेवटी नेफला तेवढीही ताकद उरत नाही, आणि कीज काडी ओढतो. वाइल्डरचा निर्णय योग्य होता. काचेपलीकडच्या मरणाने मला अस्वस्थ केले असते. या काडीने मी रडते, आणि ते खुनी माणसासाठी रडणे असल्यामुळे नंतर जरा ओशाळतेही. त्या वगळलेल्या दृश्याची स्थिरचित्रे उपलब्ध आहेत आणि मी ती पुष्कळ वेळ न्याहाळली आहेत. खुर्ची, पट्टे, काच, बाहेर उभी असलेली माणसे. सगळे आहे, हालचाल तेवढी नाही.

स्थिरचित्रांपुरत्या उरलेल्या रहस्यपटांत टॉड ब्राउनिंगचा १९२७ सालचा ‘लंडन आफ्टर मिडनाइट’ सर्वांत प्रसिद्ध. त्याची शेवटची ज्ञात प्रत १९६५ मध्ये एमजीएम स्टुडिओच्या तिजोरीघराला लागलेल्या आगीत गेली. पटकथा शिल्लक आहे, छायाचित्रे भरपूर आहेत. ती छायाचित्रे एकापुढे एक लावून २००२ मध्ये त्याची पुनर्रचनाही करण्यात आली. म्हणजे खून कोणी केला, का केला, स्कॉटलंड यार्डच्या निरीक्षकाने रक्तपिपासू भुताचे सोंग रचून आणि संमोहनाचा प्रयोग करून गुन्हेगाराला कसे उघडे पाडले, हे सगळे मला माहीत आहे. निरीक्षक आणि ते भूत या दोन्ही भूमिका लॉन चेनीच्या आहेत. उंच टोपी, टोकदार दातांची ती भयंकर रांग, तारेच्या कड्यांनी ताणून धरलेले डोळे. हे सगळे छायाचित्रांत स्पष्ट दिसते. तो त्या वेषात गुडघे वाकवून, अर्धवट बसल्यासारखा सरपटत चाले, असे वाचायला मिळते. नेमके ते चालणे मला पाहायचे आहे आणि ते कुठेही नाही. हरवण्यापूर्वी ज्या थोड्या जाणकारांनी तो पाहिला, त्यांच्यापैकी काहींचे म्हणणे असे, की ब्राउनिंगनेच १९३५ मध्ये त्याच कथेवर केलेला बोलपट कितीतरी सरस आहे. असेलही. तो बोलपट सहज मिळतो, माझ्या संग्रहातही आहे, आणि बहुधा म्हणूनच मी तो दर वेळी अर्ध्यावर बंद करते.